डेथ व्हॅलीतला पाडवा: एका कॅम्पिंगच्या बेताचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणारी तीन मराठी कुटुंबं. जानेवारीत त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर बेत निघाला की यंदा गुढीपाडव्याला जोडून डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात कॅम्पिंगला जायचं. ओळख पटू नये म्हणून इथे त्यांना क, ख आणि ग म्हणतो. सहलीनंतर मी तिन्ही घरांशी सविस्तर बोललो, त्यावरून हे लिहितो आहे.

क मध्ये पाच जण: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. आजोबा सत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. ही गोळी पुढे महत्त्वाची ठरते. ख मध्ये चौघं, दोन मुलगे शाळेत जाणारे. ग दोघंच, नुकतंच लग्न झालेले, तंबूत कधीही न झोपलेले. बेत आखायचं काम क मधल्या नवऱ्याकडे होतं. त्याला संयोजक म्हणू.

पाडव्याची निवड नुसत्या सणाच्या हौसेतून झाली नव्हती. पाडवा येतो फाल्गुन अमावास्येच्या पाठोपाठ, म्हणजे त्या दोन-तीन रात्री चंद्राचा त्रास जवळपास नाहीच. डेथ व्हॅलीला २०१३ साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा सुवर्ण दर्जा मिळाला आहे. तिथे तारे बघायचे तर अमावास्याच हवी. त्या वर्षी पाडवा मार्चअखेरच्या रविवारी येत होता. कालनिर्णय बघून कॅम्पिंगची तारीख काढणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला, पण युक्ती बिनचूक आहे.

ज्यांनी हे उद्यान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ३४ लाख एकरांचा हा पसारा आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठा आहे. बॅडवॉटर इथली जमीन समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, आणि तिथे उभं राहून पश्चिमेला मान वर केली की दिसणारं टेलिस्कोप शिखर ११,०४९ फूट उंच. फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी नोंदलेलं १३४ अंश फॅरनहाइट (५६.७ सेल्सियस) हे तापमान जगातलं सर्वाधिक मानलं जातं. १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारक आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. टिंबिशा शोशोनी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहतात; त्यांची वस्ती आजही फर्नेस क्रीकलाच आहे.

तिथे जाणारा प्रत्येक जण १३४ हा आकडा मनात ठेवून जातो. या गटाचीही सगळी तयारी उन्हाशी लढायची होती. प्रत्यक्षात गाठ पडली ती वाऱ्याशी आणि उंचीशी.

अडचण कुठे सुरू झाली

फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडमध्ये हंगामात, म्हणजे १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, जागा आगाऊ राखता येते आणि नोंदणीची ती खिडकी सहा महिने आधी उघडते. मार्चअखेरची साइट हवी तर सप्टेंबरअखेर संगणकापुढे बसायला हवं. यांचा बेतच जानेवारीत निघाला. एकही साइट शिल्लक नव्हती.

दुसरी अडचण अंतराची. बे एरियातल्या फ्रीमॉन्टहून नकाशावर सरळ पूर्वेला गेलं तर मध्ये सिएरा नेवाडा येतो, आणि टायोगासारख्या खिंडी बर्फामुळे हिवाळाभर बंद असतात. मग बेकर्सफील्डवरून दक्षिणेला वळसा. थांबे धरून आठ-नऊ तास तर जातातच, मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की दहा.

तिसरी अडचण आजी-आजोबांची. त्यांना घरी ठेवायचं नव्हतं आणि जमिनीवर झोपवायचंही नव्हतं. उद्यानात दवाखाना नाही. मोठं रुग्णालय गाठायचं तर पहरम्प किंवा रिजक्रेस्ट, म्हणजे तास-दीड तासाहून जास्त. फोनची रेंज बहुतेक ठिकाणी नसते.

मुक्कामाचे पर्याय

इथे संयोजकाने चांगलं काम केलं. त्याने ठिकाणांची यादी सोयींप्रमाणे न करता उंचीप्रमाणे केली.

स्टोव्हपाइप वेल्सचं कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्या आसपास. खडीचं उघडं मैदान, सावली नाही, पण पिण्याचं पाणी, संडास, रस्त्यापलीकडे हॉटेल, दुकान, पेट्रोल पंप आणि हाकेच्या अंतरावर मेस्कीट फ्लॅटचे वाळूचे ढिगारे. त्या वेळी तिथे 'आधी येईल त्याला जागा' अशी पद्धत होती. (हे नियम हंगामागणिक बदलतात, निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघावेत.) तिथून नऊ मैलांवर २,१०० फुटांवर एमिग्रंट, फक्त तंबूंसाठी, अवघ्या दहा साइट. त्याच्याही वर, ४,१०० फुटांवर वाइल्डरोज, दरीत आडोशाला वसलेलं. उत्तरेला मेस्कीट स्प्रिंग १,८०० फुटांवर, पण दक्षिणेकडून येणाऱ्याला ते फार आडबाजूला पडतं.

दर हजार फुटांना तापमान साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं. म्हणजे स्टोव्हपाइपला रात्री ६० असेल तर वाइल्डरोजला ४०-४८. फोनमधलं हवामानाचं ॲप 'डेथ व्हॅली' म्हणून जो आकडा दाखवतं तो बहुधा खालच्या खोऱ्याचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशातल्या नेमक्या ठिपक्यावर टिचकी मारली की त्या उंचीचा अंदाज मिळतो. संयोजकाला हे माहीत होतं आणि त्याने तिन्ही जागांचे अंदाज वेगवेगळे काढून ठेवले होते.

ख चं म्हणणं, सरळ वाइल्डरोजला जाऊ. गर्दी नाही, धूळ नाही. क च्या बायकोचं म्हणणं, सासू-सासऱ्यांना पलंग आणि संडास जवळ हवा, बाकी कुठेही चालेल. तिचं बरोबर होतं. स्टोव्हपाइपच्या हॉटेलात आजी-आजोबांसाठी एक खोली फेब्रुवारीतच राखली आणि बाकी नऊ जणांनी समोरच्या कॅम्पग्राउंडवर दोन साइट घ्यायच्या ठरवल्या. वाइल्डरोज हा 'प्लॅन बी' म्हणून यादीत राहिला.

मला या निर्णयात चूक दिसत नाही. चूक त्यानंतर झाली. वाइल्डरोजला जाण्यासाठी काय लागेल हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. स्लीपिंग बॅगा घेतल्या त्या ५० अंश फॅरनहाइटपर्यंतच्या (१० सेल्सियस) थंडीत चालणाऱ्या, कारण मुक्काम वाळवंटात होता आणि वाळवंट म्हणजे उकाडा.

गाडी आणि रेसट्रॅक

ख कडे विजेची गाडी होती. उद्यानात चार्जर मोजके आणि मंद, चढ मोठे. पनामिंट खोऱ्यातून ४,९५६ फुटांच्या टाउन पासवर चढायचं आणि पुन्हा शून्यावर उतरायचं. त्यांनी ती घरी ठेवून भाड्याची एसयूव्ही घेतली. अर्ध्या तासाच्या चर्चेत संपलेला विषय, पण योग्य संपला.

रेसट्रॅकवरून मात्र खूप वाजलं. ख च्या मुलांना ते आपोआप सरकणारे दगड बघायचेच होते. सपाट सुक्या तळ्यावर दगड आणि त्यांच्या मागे लांबच लांब रेघ, ढकलणारा कोणी नाही. हे कोडं २०१४ साली सुटलं: हिवाळ्यात तळ्यात जरासं पाणी साचतं, रात्री त्यावर पातळ बर्फ धरतो, सकाळी तो तडकतो आणि हलक्या वाऱ्याने सरकणारे बर्फाचे तुकडे दगडांना चिखलातून ढकलत नेतात. वाचूनच जावंसं वाटतं. पण युबेहेबी ज्वालामुखी-विवरापासून पुढे २७ मैल पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत रस्ता आहे, टोकदार दगडांनी टायर फाटतात, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बंदी होती. संयोजकाने नकार दिला. मुलं दोन दिवस रुसली. १९९६ मध्ये चौघांचं एक जर्मन कुटुंब भाड्याच्या मिनीव्हॅनने याच उद्यानात कच्च्या रस्त्याला लागून हरवलं होतं आणि अवशेष सापडले ते २००९ मध्ये. संयोजकाने ही गोष्ट मुलांना सांगितली नाही, त्यांच्या आईबापांना सांगितली.

त्याच कारणाने ग ला एक लेखी सूचना दिली होती. ते दोघं शुक्रवारी काम संपवून रात्री येणार होते. ट्रोना गावानंतर फोन कदाचित वाइल्डरोजच्या दरीतून जवळचा रस्ता दाखवेल, तो घ्यायचा नाही. पनामिंट व्हॅली रोडने १९० क्रमांकाच्या महामार्गाला लागायचं, मग टाउन पास. फोनने तसंच केलं, आणि सूचना होती म्हणून ते रात्री त्या अरुंद, मध्येच खडीच्या रस्त्याला लागले नाहीत.

पहिला निर्णय: गुरुवारची सूचना

गुरुवारी दुपारी हवामान सेवेने शनिवार दुपारपासून रविवार पहाटेपर्यंत जोरदार वाऱ्याची सूचना दिली. झोत ताशी ५० मैलांपर्यंत (८० किलोमीटर). वसंतात या खोऱ्यात हे नवल नाही. गटावर संदेशांचा पाऊस पडला. ग ने लिहिलं, "रद्द करूया का? पुढच्या आठवड्यात जाऊ." ख ने उत्तर दिलं, "पुढच्या आठवड्यात चंद्र वाढलेला असेल. वारा कोकणात नसतो का?"

संयोजकापुढे तीन वाटा होत्या: रद्द करणं, शनिवारी दुपारीच परतणं, किंवा जाऊन तिथे ठरवणं. त्याने तिसरी घेतली. पण 'तिथे ठरवू' म्हणताना कधी आणि कशावरून ठरवायचं हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, कारण त्याचंही ठरलेलं नव्हतं. या प्रकरणातला सगळ्यात कच्चा दुवा मला हाच वाटतो. 'शनिवारी एक वाजता अंदाज तसाच असेल तर तंबू उतरवायचे' एवढं एक वाक्य पुरलं असतं.

एक गोष्ट मात्र त्याने बदलली. तारे बघायचा कार्यक्रम शनिवारचा होता, तो शुक्रवारवर आणला. क आणि ख गुरुवारी रात्री बेकर्सफील्डला मुक्काम करून शुक्रवारी अकराच्या सुमारास स्टोव्हपाइपला पोचले, दोन साइट मिळाल्या, आणि थकलेल्या मुलांना दुपारी झोपवून रात्री नऊला वाळूच्या ढिगाऱ्यांकडे नेलं. आजीला तिथे गावाकडच्या अंगणातलं आकाश आठवलं. साडेदहाला पोचलेल्या ग ला यातलं अर्धंच मिळालं. ज्यासाठी एवढ्या लांब जायचं ते पहिल्या रात्री उरकून घ्यावं, हे धोरण इथे फळलं.

शनिवार सकाळ: बॅडवॉटर

सकाळी निघताना तिघांनी तंबूंचं तीन तऱ्हेने केलं. क ने पोल काढून तंबू जमिनीवर पाडला आणि वर पाण्याचे कॅन ठेवले. ख ने तंबू उभाच ठेवून आत जड बॅगा भरल्या. ग झोपेतून उठून तसेच गाडीत बसले. त्या खडीत साधे पेग शिरत नाहीत, वाकतात. क आणि ख ने लोखंडी लांब खिळे आणले होते. ग चे चारपैकी दोन पेग नुसते दगडाखाली दाबलेले होते.

बॅडवॉटरला पोचेपर्यंत साडेदहा. तापमान ८८ अंश, म्हणजे ३१ सेल्सियस. साताऱ्याच्या माणसाला मार्चअखेरचे ३१ अंश म्हणजे काहीच नाही, असं सगळ्यांना वाटलं, आजोबांनाही. मिठाच्या पांढऱ्या मैदानात अर्धा मैल चालून परतताना ते म्हणाले, "जरा बसतो. डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

कारण चौकशीअंती निघालं. उद्यान दर माणशी दर दिवशी निदान एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी सांगतं, आणि गाडीत ते भरपूर होतं. आजोबांनी मात्र सकाळपासून कपभर चहा आणि दोन घोट पाणी एवढंच घेतलं होतं. संडास कुठे मिळेल न मिळेल म्हणून प्रवासात पाणी टाळायची त्यांची सवय जुनी. त्यात लघवीची गोळी नेहमीप्रमाणे सकाळी. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, लगेच उडतो, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

सुनेने परिस्थिती हातात घेतली. गाडी जवळ आणवली, एसी लावला, पाय वर करून निजवलं, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घोट घोट दिलं. "बाबा, अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर आपण थेट पहरम्पला निघतोय, मग तुम्ही काही म्हणा," असं सांगून तिने घड्याळ लावलं. वीस मिनिटांत ते उठून बसले. या सहलीत वेळेची हद्द आधी सांगून घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि तो घेतला त्या माणसाने जिच्याकडे नियोजनाचं काम नव्हतंच.

शनिवार दुपार आणि रात्र

दीडला सगळे परतले. आकाश निळं, झुळूक सुखद. अंदाज चुकला असं वाटू लागलं. क तंबू पुन्हा उभारायला निघाला. पिठलं-भाताची तयारी सुरू झाली. तीनच्या सुमारास पश्चिमेकडून वारा उतरला आणि तासाभरात ढिगाऱ्यांच्या बाजूला तपकिरी भिंत उभी राहिली. गॅसची शेगडी आडोसा करूनही टिकेना.

आता पर्याय असे होते. वाइल्डरोज: रात्रीचा अंदाज ३६ अंश फॅरनहाइट (२ सेल्सियस), बॅगा ५० च्या, लोकरीचं काही नाही, म्हणजे प्लॅन बी कागदावर होता आणि गाडीत नव्हता. एमिग्रंट: टाउन पासच्या उतारावर, वारा थेट तोंडावर. नेवाडातलं बीटी गाव: डेलाइट पासवरून तासाच्या आत, पण हॉटेलच्या फोनवरून विचारल्यावर दोन ठिकाणी खोल्या भरलेल्या. समोरच्या हॉटेलातही जादा खोली नाही. उरला पर्याय तिथेच राहायचा.

साडेचारला तंबू उतरवायला घेतले, म्हणजे वाऱ्यात. क चा दहा मिनिटांत गुंडाळला. ख चा जागचा हलला नव्हता, पण वरच्या जाळीतून आलेल्या बारीक धुळीने आतल्या अंथरुणांवर थर बसला होता. वजनाने तंबू राहतो, धूळ थांबत नाही. ग चा पोल मोडून कापड फाटलं होतं. तिन्ही मुलं आणि क ची बायको आजी-आजोबांच्या खोलीत गेली. ख ची बायको आणि ग ची बायको एका गाडीत, तिघे पुरुष दुसरीत. गाड्या वाऱ्याकडे नाक करून लावल्या. जेवण म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. दशम्या आजीने 'असू द्या' म्हणून केल्या होत्या. नियोजनाच्या तक्त्यात त्यांचा उल्लेख नाही.

परिणाम

पहाटे वारा पडला. कुणाला इजा नाही. नुकसान म्हणजे एक तंबू आणि तिघा पुरुषांच्या पाठी. पाडव्याला ट्रेकिंगच्या काठीवर तांब्याचं फुलपात्र उपडं घालून गुढी केली, कडुलिंबाच्या जागी मेथीदाणे चघळले. ग त्याच सकाळी परत निघाले. क आणि ख वाइल्डरोजच्या पुढे ६,८०० फुटांवरच्या कोळशाच्या भट्ट्या बघायला गेले: १८७७ मध्ये चांदीच्या खाणींना लोणारी कोळसा पुरवण्यासाठी बांधलेले दहा दगडी घुमट, साधारण २५ फूट उंच, आत अजूनही धुराचा वास. वाटेत वाइल्डरोजचं कॅम्पग्राउंड लागलं. तिथल्या तंबूंपैकी बहुतेक उभे होते. ख ने यावर जे भाष्य केलं ते संयोजकाने मला सांगितलं नाही. रविवारची रात्र स्टोव्हपाइपलाच शांत गेली आणि सोमवारी सगळे घरी.

वेगळं काय करता आलं असतं

रद्द करायला हवं होतं का? ग चं मत ठाम आहे: हो. मला तसं वाटत नाही. वाऱ्याची वेळ दोन दिवस आधी कळली होती आणि ती जवळपास अचूक निघाली. अशा सूचनेचा उपयोग वेळापत्रक बदलायला होतो. शुक्रवारची रात्र बदलून त्यांनी अर्धा फायदा उचलला. उरलेला अर्धा शनिवारी दीड ते तीनच्या मोकळ्या वेळात होता. तेव्हा तंबू शांतपणे आवरता आले असते, बीटीला आधी फोन करता आला असता, धूळ नसताना स्वयंपाक उरकता आला असता. निळं आकाश बघून ते दीड तास गेले.

गरम बॅगा हा खर्चाचा प्रश्नही नव्हता. घरातल्या चार रजया गाडीच्या मागे टाकल्या असत्या तरी वाइल्डरोज खुलं झालं असतं. ज्या उद्यानात तासाभरात चार हजार फूट चढता येतं तिथे दोन ऋतूंचं सामान लागतं.

ग ला पहिल्याच कॅम्पिंगला रात्री साडेदहाला, अंधारात, अनोळखी खडीत तंबू उभारायला लावणं मला फारसं पटलं नाही. त्यांच्यासाठीही एक खोली पाहायला हवी होती, किंवा क ने त्यांचा तंबू दुपारीच लावून ठेवायला हवा होता.

आजोबांच्या गोळीबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणं राहून गेलं. सुनेने आता घरातल्या ज्येष्ठांसाठी वेगळी बाटली ठेवायची पद्धत पाडली आहे, तिच्यावर वेळेच्या खुणा. गाडी थांबली की पुढचा संडास किती मैलांवर आहे हेही ती सांगते. तिच्या मते पाण्यापेक्षा ही दुसरी माहितीच जास्त उपयोगी पडते.

पुढचा बेत नोव्हेंबरचा आहे. संयोजकाने फर्नेस क्रीकची खिडकी उघडण्याची मे महिन्यातली तारीख लिहून ठेवली आहे. ख अजूनही वाइल्डरोजच म्हणतो आहे, आणि या वेळी रजया घेऊन.